दगडफुलांना नावे देणारा डॉक्टर

मसाल्यातील दगडफूल आपल्या ओळखीचे असते. पण ते फूल नव्हे. ते शैवाक, म्हणजेच लायकेन होय. या उपेक्षित जीवांना शास्त्रात मानाचे स्थान मिळवून दिले ते स्वीडनच्या एरिक अकॅरियस यांनी.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १७५७ रोजी झाला. उप्साला विद्यापीठात ते थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांचे अखेरचे शिष्य. गुरूंनी शैवाकांना वनस्पतींत अगदी खालची पायरी दिली होती आणि साऱ्या जाती ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत कोंबल्या होत्या. शिष्याने नेमके तेच क्षेत्र निवडले. १७८५ पासून वाडस्टेना या लहानशा गावी रुग्णसेवा करता करता ते भिंगाखाली शैवाके न्याहाळीत राहिले. फलांगांची रचना हा मुख्य आधार धरून त्यांनी त्या एका प्रजातीच्या अनेक प्रजाती केल्या. फलांगाचे ‘अपोथेसियम’ हे नाव त्यांचेच. १८०३ मध्ये त्यांनी ‘पार्मेलिया’ ही प्रजाती स्थापिली; दगडफुलाची एक प्रमुख जाती दीर्घकाळ तीतच गणली जाई. १८१० मध्ये ‘लिकेनोग्राफिया युनिव्हर्सालिस’ हा त्यांचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला.

१४ ऑगस्ट १८१९ रोजी त्यांचे निधन झाले. शैवाक म्हणजे कवक आणि शैवल यांचा एकत्र संसार, हे श्वेंडेनर यांनी १८६७ नंतर दाखविले. अकॅरियस यांना हे रहस्य ठाऊक नव्हते. त्यांची मांडणी पुढे बदलली. परंतु त्यांनी दिलेली कितीतरी नावे आजही वापरात आहेत. सर्वांनी क्षुद्र मानलेल्या वस्तूकडे निष्ठेने पाहणाऱ्याचे श्रम असे वाया जात नाहीत.