गवंडी-गायक झेल्टर

पुरुषांच्या गायकमेळ्यांची कूळकथा सांगू लागताच कार्ल फ्रीड्रिश झेल्टर यांचे स्मरण आम्हांस होते. १७५८ साली बर्लिनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ गवंड्याचे चिरंजीव. १७८३ मध्ये स्वतःही त्या धंद्यात उस्ताद झाले. संगीताच्या ओढीपायी त्यांनी थापी लगेच टाकून दिली नाही, याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. १८०० मध्ये फाश यांच्या निधनानंतर बर्लिनच्या झिंगअकाडेमीची धुरा त्यांजकडे आली.

१८०६ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी बर्लिन व्यापले. त्या पडत्या काळातच, १८०९ मध्ये, झेल्टर यांनी सुमारे पंचवीस पुरुषांची ‘लीडरटाफेल’, म्हणजे गाणपंगत, बसविली. महिन्यातून एकदा मेजाभोवती जेवावे व आपल्यातीलच कवी-रचनाकारांची गीते मिळून गावी, असा शिरस्ता होता. सभासदत्व स्त्रियांस नव्हते. हे उणे आम्ही झाकीत नाही. पुढे जर्मनीत गावोगाव अशा पंगती निघाल्या.

१८१२ मध्ये त्यांच्या सावत्र मुलाने आत्मघात केला. ते दुःख त्यांनी महाकवी गटे यांस पत्राने कळविले. उत्तर लिहिताना गटे यांनी आदरार्थी संबोधन सोडले आणि या गवंड्यास प्रथमच एकेरीत हाक दिली. ते एकेरी नाते अखेरपर्यंत टिकले. गटे मार्च १८३२ मध्ये वारले. झेल्टर त्याच वर्षी १५ मे रोजी.