विल्यम बूथ

विल्यम बूथ (१० एप्रिल १८२९ – २० ऑगस्ट १९१२) हे इंग्लिश ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या संघटनेचे संस्थापक व पहिले जनरल होते. उपाशी व बेघर माणसाला आधी अन्न, निवारा आणि काम मिळाले पाहिजे, हा विचार त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या धर्मकार्याला जोडला. लंडनमधील बेघरांसाठी त्यांनी उभारलेली आश्रयगृहे हे त्या विचाराचे पहिले मोठे फलित होय.

प्रारंभिक जीवन

बूथ यांचा जन्म इंग्लंडमधील नॉटिंगहॅमजवळच्या स्नेंटन येथे झाला. वडील सॅम्युअल बूथ यांची आर्थिक स्थिती खालावल्याने विल्यम यांना तेराव्या वर्षी शाळा सोडून वस्तू गहाण ठेवून कर्ज देणाऱ्या पेढीत उमेदवारी करावी लागली. १८४२ मध्ये वडिलांचे निधन झाले. गरजेपोटी घरातील चीजवस्तू गहाण टाकणारी माणसे त्यांना पेढीत रोज भेटत. पुढे ते मेथडिस्ट पंथाचे उपदेशक झाले. १८५५ मध्ये त्यांचा विवाह कॅथरीन ममफर्ड यांच्याशी झाला. कॅथरीन स्वतः प्रभावी वक्त्या होत्या आणि स्त्रियांच्या धर्मोपदेशाच्या अधिकाराचा त्यांनी जाहीर पुरस्कार केला.

मुक्तिफौजेची स्थापना

१८६५ मध्ये बूथ यांनी पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत तंबू ठोकून सभा घेण्यास सुरुवात केली. यातून उभ्या राहिलेल्या ख्रिश्चन मिशनला १८७८ मध्ये मुक्तिफौज हे नाव मिळाले. गणवेश, हुद्दे, ध्वज व वाद्यवृंद ही लष्करी धाटणी संघटनेची ओळख बनली. मद्यपानाला विरोध केल्यामुळे कार्यकर्त्यांवर अनेक गावांत हल्ले झाले.

बेघरांसाठी कार्य

रात्री लंडन ब्रिजवरून जाताना कट्ट्यांच्या आडोशाला झोपलेली माणसे पाहून बूथ अस्वस्थ झाले व त्यांनी आपला मुलगा ब्रॅमवेल यास त्यांच्यासाठी तातडीने सोय करण्यास सांगितले, अशी आठवण सांगितली जाते. १८८८ मध्ये लाइमहाउस येथे स्वस्त भोजन व निवाऱ्याचे केंद्र सुरू झाले. फुकट दानाने माणसाचा स्वाभिमान खचतो, या समजुतीने तेथे अल्प मोबदला आकारला जाई. पैसे नसलेल्यांना पुढे कामाच्या बदल्यात सोय मिळू लागली.

ऑक्टोबर १८९० मध्ये कॅथरीन यांचे कर्करोगाने निधन झाले. त्याच महिन्यात पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांच्या साहाय्याने सिद्ध झालेला 'इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट' हा बूथ यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रस्त्यात कोसळलेल्या टांग्याच्या घोड्याला उभे केले जाते आणि त्याला निवारा, चारा व काम मिळते. तेवढे तरी माणसाला मिळावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. शहरातील कार्यशाळा, ग्रामीण शेतवसाहत व परदेशातील वसाहत अशी तीन टप्प्यांची योजना त्यांनी मांडली आणि प्रारंभी एक लाख पौंडांची मागणी केली. १८९१ मध्ये एसेक्समधील हॅडली येथे शेतवसाहत सुरू झाली. परदेशातील वसाहत मात्र नियोजित स्वरूपात साकारली नाही.

त्याच वर्षी ओल्ड फोर्ड येथे आगकाड्यांचा कारखाना निघाला. तत्कालीन कारखान्यांतील पांढऱ्या फॉस्फरसमुळे कामगारांच्या जबड्याचे हाड सडत असे. येथे त्याऐवजी लाल फॉस्फरस वापरला जाई व मजुरीही अधिक दिली जाई. काड्या महाग पडत आणि हा कारखाना सुमारे दहा वर्षे चालला. परंतु कामगारांच्या आरोग्याच्या प्रश्नाकडे त्याने लोकांचे लक्ष वेधले.

टीका

शास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ली यांनी द टाइम्समधील पत्रांतून बूथ यांच्या एकछत्री कारभारावर व योजनेवर कठोर टीका केली. निधीच्या विनियोगाबाबत शंका घेतल्या गेल्यावर नेमलेल्या समितीने १८९२ मध्ये गैरव्यवहार झाला नसल्याचा निष्कर्ष काढला. कार्यशाळांतील अल्प मोबदल्यामुळे बाहेरील कारागिरांची मजुरी घसरते, असा कामगार संघटनांचा आक्षेप पुढेही कायम राहिला.

भारताशी संबंध

१९ सप्टेंबर १८८२ रोजी सनदी नोकरी सोडून आलेले फ्रेडरिक टकर यांच्या नेतृत्वाखाली मुक्तिफौजेची पहिली तुकडी मुंबईत उतरली. मिरवणुकांवरून पोलिसांशी संघर्ष होऊन कार्यकर्त्यांना अटकही झाली. टकर पुढे बूथ यांचे जावई झाले. बूथ यांनी स्वतः १८९१-९२ मध्ये भारताचा दौरा केला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील मुक्तिफौजेचे रुग्णालय बूथ यांची कन्या इव्हँजेलिन यांच्या नावाने ओळखले जाते.

अखेरचा काळ

१९०७ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने बूथ यांना मानद पदवी दिली. १९०९ मध्ये त्यांचा उजवा डोळा काढावा लागला. मे १९१२ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमधील अखेरच्या जाहीर भाषणानंतर डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. ती अयशस्वी ठरून त्यांची दृष्टी गेली. २० ऑगस्ट १९१२ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या ॲबनी पार्क दफनभूमीत कॅथरीन यांच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्यानंतर ब्रॅमवेल बूथ जनरल झाले.