ज्ञानाला सोयरे मानणाऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२)



जुन्या करारातील नीतिसूत्रे या ग्रंथाच्या सातव्या अध्यायाच्या प्रारंभी एक पिता आपल्या तरुण पुत्राला विलक्षण उपदेश करतो. ज्ञानाला त्याने आपली बहीण मानावे आणि समंजसपणाला नात्यातले माणूस म्हणून हाक मारावी, असे तो सुचवितो. ज्ञान हे मिळवायचे धन आहे, चालवायचे शस्त्र आहे किंवा चढायचा डोंगर आहे, असे आपण नेहमी ऐकतो. येथे मात्र ते घरातले माणूस आहे. हिब्रू भाषेत ज्ञानासाठी असलेला होखमा हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे बहिणीची उपमा सहज जुळते. नातलग या अर्थी त्याच वचनात आलेला मोदा हा शब्द जाणणे या अर्थाच्या धातूपासून बनला आहे. रूथच्या ग्रंथात बवाज हा नामीच्या पतीचा आप्त होता असे सांगताना हाच शब्द वापरला आहे. बवाजाने त्या दोन निराधार विधवांसाठी पुढे काय केले, हे आपणांस ठाऊक आहेच. आपल्या मराठीतही आप्त म्हणजे नातलग आणि ज्याच्या शब्दावर विसंबावे असा जाणकारही. दोन दूरच्या भाषांनी एकाच प्रकारे विचार करावा, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे.

हे नाते प्रत्यक्ष जगलेल्या व्यक्तीचा आपल्या महाराष्ट्रात शोध घेतला तर पंडिता रमाबाईंचे नाव प्रथम सुचते. त्या कॅथॉलिक नव्हत्या. मग आपल्या धर्मप्रांताच्या पानावर त्यांचे चरित्र का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. संपूर्ण पवित्र शास्त्र मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत आणण्यासाठी एका मराठी स्त्रीने आयुष्याची अखेरची वर्षे वेचली, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते. शिवाय दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात मूळ भाषांवरून भाषांतरे व्हावीत असे म्हटले आणि त्या कामी इतर ख्रिस्ती बांधवांच्या सहकार्याचे दारही उघडले. रमाबाईंचे काम त्याच्या कितीतरी आधीचे होते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृतचे थोर विद्वान होते. तरुणपणी पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकविले जात असल्याचे त्यांनी पाहिले व स्त्रियांना विद्या द्यावी ही कल्पना त्यांच्या मनात रुजली. प्रथम पत्नीला शिकविण्याचा त्यांचा प्रयत्न घरच्यांच्या विरोधामुळे फसला. तिच्या निधनानंतर तीर्थयात्रेत गोदावरीच्या काठी त्यांची एका यात्रेकरू ब्राह्मणाशी भेट झाली आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. तीच लक्ष्मीबाई, रमाबाईंची आई. शास्त्रीबोवांचे वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होते. आजच्या दृष्टीने हा विवाह आपणांस खटकतो आणि तो खटकलाच पाहिजे. परंतु त्या बालवधूला त्यांनी चुलीपुढे न बसविता पोथीपुढे बसविले, हेही तितकेच खरे आहे. या अपराधाबद्दल उडुपी येथे त्यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला. वेद वगळता इतर संस्कृत वाङ्मय स्त्रीने शिकण्यास शास्त्रांची मनाई नाही, हे त्यांनी ग्रंथाधारे मांडले आणि अखेर लोकांपासून दूर, अरण्यात घर केले.

रमाबाई शिकण्याच्या वयात आल्या तेव्हा वडील वृद्ध झाले होते. त्यामुळे शिकविण्याचे काम आईकडे आले. दिवसभर घरकाम आणि पाहुण्यांचा राबता असल्याने लक्ष्मीबाईंना मोकळा वेळ मिळे तो पहाटेचा. झोपेने जड झालेल्या मुलीला ती माउली अंथरुणावरून अलगद उचलून घेई, लाडाच्या शब्दांनी जागे करी आणि रानातली पाखरे किलबिलू लागत तेव्हा श्लोकांची उजळणी सुरू होई. हाती पुस्तक नसे, आईच्या मुखातून मुलीच्या मुखात असा तो पाठ चाले. नीतिसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात पित्याच्या बोधाबरोबर आईच्या शिकवणुकीचाही उल्लेख आहे आणि त्या शिकवणुकीला हिब्रूत तोरा हाच शब्द योजिला आहे, जो मोशेच्या नियमशास्त्रासाठी येतो. चौथ्या अध्यायात ज्ञानाला कवटाळण्याविषयी सांगितले आहे. रमाबाईंना ज्ञानाची पहिली ओळख आईच्या कुशीतच झाली आणि भागवत पुराणातील हजारो श्लोक त्यांना लहान वयात मुखोद्गत झाले.

पुढे कुटुंबाचे द्रव्य संपले. तीर्थक्षेत्री, देवळांत, नद्यांच्या घाटांवर पुराणे वाचावीत आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा वर्षानुवर्षांचा प्रवास सुरू झाला. (नीतिसूत्रांतील ज्ञानही चव्हाट्यावर आणि नगराच्या वेशीत उभे राहून हाका मारते, हे येथे आठवते.) १८७० नंतरच्या दुष्काळाने या भटकंतीचा अंत केला. १८७४ साली प्रथम वडील गेले, काही आठवड्यांतच आई गेली आणि पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. आईची तिरडी उचलण्यास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. त्यांच्या जोडीला भाऊ श्रीनिवास आणि चौथी स्वतः रमाबाई. उंची कमी असल्याने खांद्यावर भार येईना, म्हणून त्यांनी तो डोक्यावर घेतला आणि दूरच्या स्मशानापर्यंत नेला. वय अवघे सोळा.

भाऊ-बहीण दोघे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले, पण त्या वेळी त्यातले काही उमगले नाही. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेद ठेवले व ते वाचण्यास सुचविले. १८८० साली श्रीनिवासही वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने गेले. पतीच्याच ग्रंथसंग्रहात रमाबाईंना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले होते. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत माहेर आणि सासर दोन्ही मिटले. उरली होती कडेवरची मुलगी आणि आईने दिलेली विद्या.

त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. पुण्यातच फादर नेहेम्या गोरे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे ते हेच. १८८३ साली वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात उतरल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. लंडनमधील फुलम येथे धर्मभगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा कशी करतात, हे त्यांनी पाहिले आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचली. या दोन गोष्टींनी त्यांचे मन जिंकले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

मठातील सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई आजीबाई म्हणत. इंग्लंडहून आणि नंतर भारतातून त्यांनी या आजीबाईंना लिहिलेली पत्रे पुढे छापली गेली आहेत. त्यांत माया आहे आणि वादही आहेत. धर्ममंडळाचे मत म्हणून एखादी गोष्ट मान्य करावी की स्वतः शास्त्र वाचून, पटल्यावरच मान्य करावी? त्रैक्याच्या सिद्धान्तापासून ते मुलग्यांना शिकवावे की नाही इथपर्यंत या प्रश्नावर खटके उडाले. एक धर्मगुरू म्हणून मला आजीबाईंची काळजी समजते. परंपरेविना वाचलेले शास्त्र माणसाला एकटे पाडू शकते. परंतु ज्या मुलीच्या बापाला केवळ पत्नीस शिकविल्याबद्दल पंडितांपुढे उभे राहावे लागले, तिने पंडितांचे म्हणणे विनातक्रार स्वीकारावे ही अपेक्षाही फार मोठी होती. विशेष हे की, इतके मतभेद होऊनही आजीबाई हे नाते दोघींनी तोडले नाही.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेस गेल्या. निमित्त होते फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभाचे. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली निघाले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. ख्रिस्ती झालेल्या स्त्रीने आपल्या शाळेला विद्येच्या देवतेचे नाव दिले, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. संस्था पुढे पुण्यास हलली. संस्थेच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई. १८९३ साली मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो असा आरोप होऊन मोठे वादळ उठले, केसरीने झोड उठविली आणि रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो वाद येथे उगाळण्याचे कारण नाही. १८९६ नंतरच्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि नंतर गुजरातेतून शेकडो अनाथ मुली व विधवांना केडगावला आणले. दुष्काळात उपाशी फिरलेली मुलगी आता दुष्काळातल्या मुलींना शोधत होती. मुक्ती सदनात शेती, विणकाम, छापखाना, अंधांसाठी शाळा असे सारे होते.

या धबडग्यात वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने खेड्यातल्या बायकांना समजत नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. आपल्या देवळाली कॅम्पात लष्कराच्या निमित्ताने देशाच्या चारी दिशांहून आलेली कुटुंबे राहतात. आपल्या भाषेत वाचलेले शुभवर्तमान आणि परक्या भाषेतले शुभवर्तमान यांतला फरक येथील श्रद्धावंतांना वेगळा सांगावा लागत नाही. रमाबाईंनी शब्दांच्या बाबतीत फार कडक धोरण स्वीकारले. ज्या संस्कृत शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटला आहे, ते त्यांनी टाळले. येथे त्या अतिरेक करीत होत्या, असे माझे नम्र मत आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली क्रिस्तपुराण छापले, तेव्हा याच देशी शब्दांना ख्रिस्ताच्या सेवेत लावले होते आणि आपली कॅथॉलिक मराठी उपासना मुख्यतः त्याच वाटेने चालत आली आहे. मात्र स्टीफन्स हे मराठी शिकलेले परदेशी होते. संस्कृत ही रमाबाईंची मातृदत्त विद्या होती आणि तिचे शब्द बाजूला ठेवताना त्यांना काय वाटले असेल, याची आपण केवळ कल्पना करू शकतो.

हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. मुक्ती सदनातील स्त्रियाच खिळे जुळवीत, छपाई करीत आणि पाने बांधीत. ज्यांना समाजाने अक्षर गिरवू दिले नव्हते, त्यांच्या बोटांखालून मोशे आणि यशया छापून निघत होते. मनोरमा आईचा उजवा हात झाल्या होत्या आणि पुढे संस्था त्याच सांभाळणार असे सर्वांनी धरले होते. २४ जुलै १९२१ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याही गेल्या. आता रक्ताचे जवळचे कोणीच उरले नाही. रमाबाईंची प्रकृती ढासळली होती, तरी भाषांतराची मुद्रिते तपासणे त्यांनी थांबविले नाही. ते काम पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे म्हणून त्यांनी प्रार्थना केली, असे सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्ती छापखान्यातून बाहेर पडले.

आपल्या कॅथॉलिक बायबलमधील ज्ञानग्रंथ आणि बेन सिराचा ग्रंथ प्रॉटेस्टंट परंपरेच्या बायबलमध्ये नसतात. ज्ञान मातेप्रमाणे सामोरे येते आणि नववधूप्रमाणे स्वागत करते, असे बेन सिरा पंधराव्या अध्यायात सांगतो. रमाबाईंचे चरित्र वाचल्यानंतर तो अध्याय एकदा घरी अवश्य वाचावा.

रमाबाईंचे भाषांतर चर्चमधील वाचनासाठी फारसे रुळले नाही. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले आणि चर्च ऑफ इंग्लंड ३० एप्रिल रोजी त्यांचे स्मरण करते. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. देवळालीहून तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांनी मनमाडला गाडी बदलून दौंड गाठावे. दौंडहून पुण्याकडे जाताना केडगाव स्थानक लागते. नगर शहरालगतचे केडगाव ते वेगळे, याची नोंद घ्यावी.