कोकराचे डोके

इटलीतील पाडुआ विद्यापीठात शरीररचना शिकवणारा एक तरुण प्राध्यापक मानवी डोक्याचे विच्छेदन करताना कोकराचे किंवा बैलाचे डोके हाताशी ठेवत असे. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक अद्‌भुत जाळे असते, असे वैद्यकाच्या ग्रंथांत लिहिलेले होते. रक्तातील प्राणशक्तीचे तिथे रूपांतर होते आणि त्यातून विचारांना, हालचालींना बळ मिळते, असे मानले जाई. माणसाच्या डोक्यात हे जाळे काही केल्या सापडत नसे. कोकराच्या डोक्यात मात्र ते स्पष्ट दिसे. मग प्राध्यापक तेच दाखवून वेळ मारून नेई.

हा प्राध्यापक म्हणजे आंद्रियास वेसॅलियस. आधुनिक शरीररचनाशास्त्राचा जनक म्हणून आज त्याचे नाव घेतले जाते. कोकराच्या डोक्याची ही हकिकत पुढे त्यानेच आपल्या ग्रंथात लिहून ठेवली आणि आंधळ्या विश्वासाबद्दल स्वतःला दूषणे दिली.

वेसॅलियसचा जन्म ३१ डिसेंबर १५१४ रोजी ब्रसेल्समध्ये झाला. वडील सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पदरी औषधे तयार करत. घराण्यात वैद्यकाची परंपरा होती. पुढील शिक्षणासाठी तो पॅरिसला गेला. तिथे वैद्यक शिकणे म्हणजे गेलन शिकणे. दुसऱ्या शतकातील या ग्रीक वैद्याचा शब्द सुमारे तेराशे वर्षे प्रमाण मानला जात होता. विच्छेदनाच्या वेळी प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचत, खाली न्हावी-शल्यक सुरी चालवत आणि विद्यार्थी लांबून बघत. ग्रंथ आणि शरीर यांत फरक दिसलाच, तर दोष शरीराचा!

वेसॅलियसला लांबून बघणे मानवत नव्हते. पॅरिसच्या दफनभूमीत जाऊन तो हाडे हाताळत बसे. लूव्हेनला असताना गावाबाहेरच्या वधस्तंभावरील एका गुन्हेगाराचा सांगाडा त्याने मित्राच्या मदतीने चोरून घरी आणला. १५३७ च्या डिसेंबरमध्ये पाडुआत पदवी मिळाली आणि लगेच तिथेच शिकवण्याची नेमणूकही झाली. तेव्हा त्याला २३ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आसनावरून खाली उतरून तो स्वतः सुरी चालवू लागला.

तरीही शिकलेले सहजासहजी सुटत नाही. १५३८ मध्ये त्याने शरीररचनेचे सहा तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत माणसाचे यकृत पाच पाळ्यांचे दाखवले होते आणि मेंदूखालचे ते जाळेही होते. मानवी शरीरे स्वतः उघडून पाहिलेल्या माणसाने ही चित्रे छापली होती. त्याचे डोळे उघडे होते, पण काय दिसायला हवे हे गेलनने आधीच सांगून ठेवले होते.

पुढच्या दोन-तीन वर्षांत चित्र पालटले. पाडुआच्या एका न्यायाधीशाने मृत्युदंड झालेल्यांचे देह त्याला मिळवून दिल्यामुळे पुन्हा पुन्हा तपासणी करता आली. १५४० मध्ये बोलोन्या येथे त्याने माणसाचा आणि माकडाचा सांगाडा शेजारी शेजारी उभा केला. गेलनने वर्णिलेला कण्याच्या मणक्याचा एक उंचवटा माकडात होता, माणसात नव्हता. गेलनच्या ग्रंथांच्या नव्या आवृत्तीसाठीही वेसॅलियस याच सुमारास काम करत होता. बारकाईने वाचताना त्याची खात्री पटली, की गेलनने मानवी देहाचे विच्छेदन कधी केलेच नव्हते. रोमन जगात तशी मुभा नव्हती, म्हणून त्याने माकडे, डुकरे, बैल उघडून पाहिले आणि तेच माणसालाही लावले. गेलन खोटे बोलला नव्हता. त्याने जे पाहिले, ते बहुतांशी अचूक लिहिले होते. स्वतः पाहा, असे त्यानेही शिष्यांना बजावले होते. पुढच्या पिढ्यांनी त्याचे निष्कर्ष तेवढे पाठ केले आणि त्याची सवय सोडून दिली.

१५४३ मध्ये बाझेल येथे वेसॅलियसचा मानवी शरीराच्या रचनेवरील सात भागांचा सचित्र ग्रंथ छापून झाला. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा नसून एकसंध आहे, छातीच्या मधल्या हाडाचे भाग सात नसून तीन आहेत, हे त्याने दाखवले. स्त्रीपेक्षा पुरुषाला एक बरगडी कमी असते, हा बायबलमधील कथेवरून रुजलेला समजही मोजणीत टिकला नाही. अद्‌भुत जाळे माणसात नाही, हेही त्याने लिहून टाकले.

विरोध झालाच. सर्वांत कडवा हल्ला पॅरिसमधील त्याच्याच गुरूने, सिल्व्हियसने केला. गेलन चुकला हे मान्य करण्यापेक्षा, गेलनच्या काळानंतर माणसाचे शरीरच बदलले, असा युक्तिवाद त्याला सोपा वाटला. १५५१ मध्ये त्याने शिष्याला वेडा ठरवणारे पुस्तकही लिहिले. वेसॅलियस तोपर्यंत विद्यापीठ सोडून सम्राटाचा वैद्य झाला होता. जाताना उद्वेगाच्या भरात त्याने आपली अनेक टिपणे जाळली. त्याची खंत त्याला पुढे वाटत राहिली.

शंका घेण्याचे काम त्याच्या ग्रंथापाशीही थांबले नाही. हृदयाच्या उजव्या आणि डाव्या भागांमधील पडद्यात सूक्ष्म छिद्रे असून त्यांतून रक्त जाते, असे गेलनने म्हटले होते. १५४३ मध्ये वेसॅलियस इथे चाचरला. १५५५ च्या आवृत्तीत मात्र ही गोष्ट आपल्याला पटत नसल्याचे त्याने स्पष्ट केले. मग रक्त जाते कुठून? याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. ते पाडुआतच शिकून गेलेल्या विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडून दिले. वेसॅलियसच्या स्वतःच्या चुका पाडुआतील फालोपियोने दाखवल्या. मूत्रपिंडाचे चित्र तर कुत्र्याच्या मूत्रपिंडाचे होते.

१५६४ मध्ये जेरुसलेमच्या यात्रेहून परतताना ग्रीसजवळच्या झांटे बेटावर वेसॅलियसचा मृत्यू झाला. तेव्हा तो ४९ वर्षांचा होता. आज वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पुस्तक घेऊन विच्छेदनाच्या टेबलाभोवती उभे राहतात. पुस्तकात लिहिलेली रक्तवाहिनी एखाद्या देहात वेगळ्याच ठिकाणी सापडते. अशा वेळी त्यांचे शिक्षक तिकडे काणाडोळा करत नाहीत, सगळ्यांना बोलावून ती दाखवतात.