मॅन्युअल की ऑटोमॅटिक? या वादावर तोडगा काढणारा झारचा मोटार मेकॅनिक!

मंडळी, सिग्नल सुटल्यावर कोणती गाडी आधी पुढे निघते, मॅन्युअल की ऑटोमॅटिक? कट्ट्यावर हा विषय निघाला की चहा संपतो, पण वाद संपत नाही. गंमत म्हणजे यावरचा तोडगा एका फ्रेंच माणसाने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारासच शोधून ठेवला होता. त्याचं नाव अडॉल्फ केग्रेस.

केग्रेसचा जन्म १८७९ सालचा, पूर्व फ्रान्समधल्या एरिकूर गावातला. तरुणपणी तो रशियाला गेला आणि झार दुसरा निकोलस याच्या मोटारी सांभाळू लागला. तिथल्या बर्फात गाड्या रुतायच्या, म्हणून त्याने मागच्या चाकांच्या जागी रणगाड्यासारखे फिरते पट्टे बसवले. १९१७ मध्ये क्रांती झाली, झारची सत्ता गेली आणि केग्रेस मायदेशी परतला. त्याचे पट्टे मात्र रशियात टिकले. लेनिनच्या रोल्स रॉईसलाही तेच होते!

फ्रान्समध्ये आंद्रे सिट्रोएन या कारखानदाराने त्याला हाताशी धरलं. केग्रेसच्या पट्ट्यांवर धावणाऱ्या सिट्रोएन गाड्यांनी १९२२-२३ च्या हिवाळ्यात सहारा वाळवंट पार केलं. १९३१ मध्ये तर अशा गाड्या श्रीनगरहून निघून गिलगिटपर्यंत पोचल्या.

यानंतर त्याने गिअरबॉक्सकडे मोर्चा वळवला. मॅन्युअल गाडीत गिअर बदलताना क्लच दाबावा लागतो. तेवढा वेळ इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही आणि पिकअप तुटतो. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये हीच ताकद तेलातून पुढे जायची. झटके बसत नसत, पण काही ताकद तेल घुसळण्यातच वाया जायची. म्हणून कित्येक वर्षं शर्यतीत मॅन्युअलच वरचढ ठरली.

केग्रेसने एका गिअरबॉक्सला दोन क्लच द्यायची कल्पना मांडली. एका क्लचकडे पहिला, तिसरा असे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. गाडी पहिल्या गिअरवर धावत असतानाच दुसरा तयार असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा पकडतो. ताकद जवळजवळ खंडित होतच नाही!

हा गिअरबॉक्स त्याने सिट्रोएनच्या ट्रॅक्सिओं आव्हां या गाडीसाठी आखला होता. पण यंत्रणा किचकट होती आणि युद्ध दारात उभं होतं. १९४३ मध्ये, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असतानाच केग्रेस वारला. आपला गिअरबॉक्स कारखान्यातून बाहेर पडलेला त्याला पाहता आला नाही.

दोन क्लचचा अचूक मेळ घालायला इलेक्ट्रॉनिक्सची गरज होती. ती सोय झाल्यावर १९८० च्या दशकात पोर्शने ही कल्पना रेसिंग कारमध्ये वापरली. २००३ मध्ये ती फोक्सवॅगन गोल्फ आर-३२ मधून रस्त्यावर आली. कंपनीच्या आकड्यांनुसार ० ते १०० किमीचा वेग गाठायला मॅन्युअल आर-३२ ला ६.६ सेकंद लागत, तर दोन क्लचवालीला ६.४!

आज आपल्याकडच्या गाड्यांवर डीसीटी किंवा डीएसजी लिहिलेलं दिसतं, ती हीच यंत्रणा. एएमटी मात्र वेगळी बरं का! तो मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. त्यामुळे गिअर बदलताना जाणवणारा तो खंड त्यात राहतोच. म्हणून गाडी घेताना नुसतं 'ऑटोमॅटिक' ऐकून भुलू नका, आत कोणता गिअरबॉक्स आहे ते आधी विचारा.