बाबासाहेबांचे आजारपण आणि आपला धम्मग्रंथ

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आपल्या विहारात आहे, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरीही आहे. वर्षावासात गावोगावी त्याचे वाचन होते. परंतु हा ग्रंथ ज्या हातांनी लिहिला, ते हात त्या वेळी कोणत्या वेदना सोसत होते, हे आपल्या मुलाबाळांना ठाऊक आहे काय? ते ठाऊक असावे, म्हणून परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातील हा भाग आपल्यापुढे ठेवीत आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा मुंबईत त्यांचा सत्कार झाला. त्या प्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. पुस्तकाच्या रूपाने बुद्ध त्यांच्या आयुष्यात आला तो असा. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे त्यांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. परंतु घाई केली नाही. धर्म सोडणे एका सभेत जाहीर करता येते. नवा धर्म मात्र पारखून घ्यावा लागतो. ही पारख त्यांनी एकवीस वर्षे केली.

या काळात त्यांचे शरीर खचत गेले. मधुमेह जडला, रक्तदाब वाढला. नसांच्या विकाराने पायांत असह्य कळा येत आणि रात्रीची झोप उडून जाई. घटनेच्या मसुद्याचे काम त्यांनी अशाच अवस्थेत केले. मुंबईचे डॉ. मालवणकर त्यांच्यावर उपचार करीत होते. तेथेच काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीस त्यांचा विवाह झाला. त्या पुढे सविता आंबेडकर, म्हणजेच माईसाहेब झाल्या. पथ्यपाणी, औषधे व इंजेक्शने यांचा भार त्यांनी उचलला.

१९५० साली कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या मासिकात बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. बौद्ध वाङ्मय अफाट आहे. सामान्य माणसाने कोणता ग्रंथ हाती धरावा, हा प्रश्न त्यांनी त्यात मांडला. सर्वांना वाचता येईल असा एक ग्रंथ हवा, असे त्यांचे मत होते. तो ग्रंथ लिहिण्याचे काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतले. १९५१ च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावरून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच सुमारास ग्रंथाच्या पहिल्या मसुद्याच्या थोड्या प्रती छापून त्यांनी जाणकारांकडे अभिप्रायासाठी पाठविल्या.

हे लेखन सलग झाले नाही. थोडे लिहावे, दुखणे उसळले की थांबावे, पुन्हा लेखणी धरावी, अशी पाच वर्षे गेली. दृष्टी मंद झाली. काठीच्या आणि दुसऱ्याच्या खांद्याच्या आधाराने चालावे लागे. मध्यंतरी तर प्रकृती इतकी ढासळली, की डॉक्टरांनाही भरवसा वाटेनासा झाला. ही गोष्ट त्यांनी स्वतःच ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केली आहे. ती प्रस्तावना १९५६ सालची आहे. आपण त्यातून वाचलो आणि ग्रंथ पुरा करू शकलो, याचे श्रेय त्यांनी माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याला दिले आहे. पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना छापली गेली नाही; ती लोकांपुढे यायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. एवढ्या दुखण्यातून उठलेला माणूस आभार मानतो, ते औषध देणाऱ्यांचे आणि सेवा करणाऱ्यांचे. नवस नाही, अंगारा नाही, देवऋषी नाही. आपल्या वस्तीत आजही कोणी अंथरुणाला खिळले, तर कानाशी लागणारी माणसे येतातच. कुळाचा देव सोडला म्हणून हे झाले, असे ती सांगतात. अशा वेळी नवदीक्षित घराचे मन डळमळते. तेव्हा बाबासाहेबांनी आपले दुखणे कसे सोसले, ते आठवावे. त्यांनी दुखण्याला दुखणेच मानले. त्याला पाप म्हटले नाही आणि कोणाचा कोपही म्हटले नाही.

हीच सचोटी त्यांच्या ग्रंथातही आहे. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले व त्यामुळे गृहत्याग केला, असे परंपरा सांगते. स्वतः रोगाने गांजलेल्या लेखकाला ही कथा जवळची वाटली असती, तर नवल नव्हते. पण बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर रोगी किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे मांडला. युद्ध नको म्हणून सिद्धार्थाने घर सोडले, असे त्यांच्या ग्रंथात आहे. ज्यांनी महाडच्या चवदार तळ्यासाठी लढा दिला, त्यांना पाण्याच्या तंट्याचा अर्थ कोणी शिकवावा!

तसेच, जीवन म्हणजे केवळ दुःख, एवढाच धम्माचा सार असेल, तर माणसाला त्यातून आशा कोठली मिळणार, असाही प्रश्न त्यांनी उभा केला. रात्र रात्र पायांच्या कळा सोसणारा माणूस निराशेचा धर्म लिहायला तयार नव्हता, हे ध्यानात घ्या. ग्रंथाच्या शेवटच्या भागात रोग्यांविषयी बुद्धाला किती आस्था होती, तेही त्यांनी सांगितले आहे. मळात पडलेल्या एका आजारी भिक्खूला तथागताने आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले. रोग्याची सेवा हाच आपला आचार, हे त्या प्रसंगाचे तात्पर्य आहे.

ग्रंथ पुरा झाला, पण छपाईला पैसे नव्हते. खर्च वीस हजारांच्या घरात जात होता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त सरकारने ५०० प्रती घ्याव्यात, अशी विनंती केली. त्या कामासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. बरोबर एक महिन्याने, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली. शरीर थकलेले असतानाही नोव्हेंबरात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले.

५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीस २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी त्यांचे सेवक-सचिव नानकचंद रत्तू यांनी त्यांचे पाय चेपून दिले. प्रस्तावनेचे टंकलिखित कागद तपासण्यासाठी बाबासाहेबांनी जवळ मागून घेतले. ६ डिसेंबरच्या सकाळी त्यांचे महापरिनिर्वाण झाल्याचे दिसून आले. छापील ग्रंथ त्यांना पाहता आला नाही. तो १९५७ साली मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजच्या प्रकाशनाने प्रसिद्ध केला.

बंधू-भगिनींनो, हा ग्रंथ आठ भागांत आहे. त्यातील मजकूर लहान लहान क्रमांकित वाक्यांत मांडला आहे. थोडे शिकलेल्या माणसालाही तो वाचता यावा, अशीच ही मांडणी आहे. रोज दिवेलागणीला घरातील शाळकरी मुलाने किंवा मुलीने एक पान मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. न पटले तिथे प्रश्न विचारावा, कारण प्रश्न विचारीतच हा ग्रंथ लिहिला गेला आहे. ग्रंथाला हार घालून तो फळीवर ठेवणे सोपे आहे. पण बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरच्या रात्रीपर्यंत ज्या कागदांवर काम केले, ते आपल्याला वाचायला मिळावेत म्हणून केले.

जय भीम! नमो बुद्धाय!