हिंगोलीचे आकडे आणि फ्रान्सचा एमिल दुर्खीम

मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांची जिल्हावार यादी दरवर्षी बातम्यांत येते. बीड वर असतं, हिंगोली बहुतेक वेळा खाली. पण २०११च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या होती सुमारे २५.८५ लाख आणि हिंगोलीची ११.७७ लाख. म्हणून लाखामागे किती, हे बघावं लागतं. अशा दरांवरून समाजाचं दुखणं शोधणारा माणूस म्हणजे एमिल दुर्खीम.

१५ एप्रिल १८५८ला फ्रान्समधल्या एपिनाल गावी त्याचा जन्म झाला. वडील आणि आजोबा ज्यू धर्मगुरू. यानं मात्र वेगळी वाट धरली. १८८६ मध्ये कॉलेजचा जिवलग मित्र व्हिक्टर ओमे गेला. ती आत्महत्याच असावी, असं चरित्रकार मानतात.

पुढे बोर्दो विद्यापीठात शिकवताना दुर्खीमने हाच विषय घेतला. भाचा मार्सेल मॉसने सुमारे २६ हजार सरकारी नोंदी वय, लिंग आणि लग्नानुसार लावून दिल्या. १८९७ मध्ये पुस्तक आलं. प्रत्येक प्रदेशाचा दर वर्षानुवर्षं जवळपास सारखाच राहतो, हे त्यात दिसलं. म्हणजे कारण फक्त एकेका माणसाच्या मनात नाही. घर, गाव, समूह यांचा आधार सुटला की दर वाढतो. आर्थिक मंदीत वाढतो, तसा अचानक आलेल्या तेजीतही. नुसत्या गरिबीने मात्र वाढत नाही, कारण युरोपातल्या कित्येक गरीब भागांत तो कमी होता.

हिंगोलीत याचा अर्थ काय? इथली शेती सोयाबीन, कापूस आणि हळदीची. पाऊस हुकला किंवा भाव पडला की वर्षाचा सगळा हिशेब कोलमडतो. त्यात खासगी कर्ज असेल तर माणूस चारचौघांत जायचंही टाळतो. आणि दुर्खीमने ज्यावर भिस्त ठेवली, त्या सरकारी नोंदींचाही प्रश्न आहेच. एक लाखाच्या मदतीसाठी जिल्हा समिती प्रकरण पात्र की अपात्र ठरवते. जमीन कुटुंबाच्या नावावर नसेल किंवा कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं असेल, तर प्रकरण अपात्र ठरू शकतं.

डिसेंबर १९१५ मध्ये दुर्खीमचा मुलगा आंद्रे पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्या धक्क्यातून तो सावरला नाही. १५ नोव्हेंबर १९१७ला, वयाच्या ५९व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्याचं निधन झालं.

ओळखीचं कुणी गप्प गप्प राहू लागलं असेल, तर आजच जाऊन भेटा. मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर २४ तास चालू असतो.